वाटणीपुरता रूट

गेल्या सत्रातली गोष्ट. लातूरच्या आमच्या कॉलेजात एक सामायिक सर्व्हर आहे. पोरं आपापल्या लॉगिननं त्यावर काम करतात, आणि त्याच्या किल्ल्या माझ्याकडं. औशाहून रोज एसटीनं येणारा तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा लॅपटॉप उघडाच धरून आला. "सर, मी रूट हाय बघा. तरी बी माउंट होईना."

मी पाहिलं. टर्मिनलवर डॉलरच्या जागी # आलेलं. 'मी कोण' असं विचारलं की यंत्र 'रूट' म्हणत होतं. रूट म्हणजे लिनक्स यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता. मी त्याला ना पासवर्ड दिला होता, ना सुडो, म्हणजे रूटचे अधिकार उसने घेण्याची परवानगी. "काय करू लालास तू नेमकं?" म्हटल्यावर त्यानं 'अनशेअर' ही कमांड दाखवली, कुठंतरी वाचून मारलेली. सर्व्हर खोटं बोलतोय असा त्याचा दावा होता. पण पोरगा खरोखरच रूट होता, आणि त्याला /प्रॉक माउंट करू न देणं हेही तितकंच बरोबर होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे त्याला समजावण्यात माझा चहा गार झाला. तेच इथं जरा निवांत सांगतो.

आधी माउंटचं उरकून घेऊ. विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावला की ई, एफ असं नवं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये अक्षरं नाहीत. सगळ्या फाइलींचं एकच झाड असतं आणि नवी डिस्क त्यातल्या एखाद्या फोल्डरवर जोडतात, याला माउंट करणं म्हणतात. ज्या फोल्डरवर जोडलं, त्यातलं आधीचं सगळं तोवर झाकलं जातं. पुसलं जात नाही, फक्त दिसत नाही. हे झाकलं जाणं ध्यानात ठेवा, पुढची निम्मी भानगड त्याचीच आहे.

आणि जोडायला दरवेळी डिस्क लागतेच असं नाही. काही फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली मांडायच्या पद्धती, नुसत्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, तोंडी असतात. टीएमपीएफएस म्हणजे रॅममध्येच मांडलेला फोल्डर, यंत्र बंद झालं की गेला. /प्रॉक उघडलं तर चालू प्रोसेसांची, म्हणजे चाललेल्या प्रोग्रामांची, यादी दिसते, पण त्या 'फाइली' कुठंच साठवलेल्या नसतात. तुम्ही वाचायला गेलात की कर्नल त्याच क्षणी उत्तर रचून देतो. सिसएफएसमधून हार्डवेअर आणि नेटवर्क कार्डं दिसतात. खास फाइलसिस्टिम म्हणतात त्या याच.

मग कुठलीही फाइलसिस्टिम माउंट करायला पूर्वी रूटच का लागायचा? कारण सोपं आहे आणि जरा भीतीदायकही. 'एसयू' ही दुसरा वापरकर्ता, बहुधा रूट, होण्याची कमांड कुणीही चालवली तरी रूटच्या अधिकारानं चालते, कारण तिच्यावर सेटयुआयडीचा शिक्का असतो. पासवर्ड बरोबर की चूक हे ती /ईटीसीमधल्या फाइलीत बघून ठरवते. आता मला जर /ईटीसीवर माझाच एक फोल्डर माउंट करता आला, तर खरी फाइल झाकली जाणार आणि एसयू माझी फाइल वाचणार. तिच्यात रूटचा पासवर्ड मी लिहीन तो. संपलं. म्हणजे गोम फाइली जोडण्यात नव्हती, एका माणसानं जोडलेलं साऱ्या गावाला दिसण्यात होती.

यावरचा पहिला तोडगा २००२ साली आला. लिनक्स २.४.१९ मध्ये माउंट नेमस्पेस आली, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला फाइलींचं आपलं वेगळं झाड बघता येण्याची सोय. कल्पना मुळात बेल लॅब्सच्या प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिममधली. गंमत अशी, की तेव्हा आणखी नेमस्पेस निघतील असं कुणाला वाटलं नसावं, म्हणून तिच्या खुणेचं नाव नुसतं 'नवी नेमस्पेस' असं ठेवलं. थोरल्या पोराचं नाव 'बाळ' ठेवावं आणि मागून आणखी सातजण यावेत, तसं झालं. पुढं प्रोसेस क्रमांकांची, नेटवर्कची, यंत्राच्या नावाची, आणि फार उशिरा, २०२० मध्ये, अगदी घड्याळाचीही नेमस्पेस आली. पण यातली कुठलीही उघडायची तर रूटच लागायचा. ती अडचण सुटली फेब्रुवारी २०१३ मध्ये, लिनक्स ३.८ बरोबर. एरिक बीडरमन यांनी बरीच वर्षं खपून युजर नेमस्पेस पुरी केली, आणि ही मात्र साध्या वापरकर्त्यालाही उघडता येते; तिच्या आत गेलं की बाकीच्याही उघडता येतात.

युजर नेमस्पेस समजावायला मला आमच्या गावाकडच्या वाड्याशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही. माळवदाचा जुना वाडा, चार भावांत वाटणी झालेली. धाकट्याच्या वाट्याला दोन खण आले. त्या दोन खणांत तो मालक. भिंतीला फळी ठोकेल, पडदा लावेल, चूल इकडची तिकडं करेल, थोरल्याला विचारायचं कारण नाही. पण सामायिक अंगणात बोअर पाडायचा म्हटलं तर त्याच्या मालकीला तिथं किंमत नाही. 'तू मालक आहेस का?' या प्रश्नाला त्याचं उत्तर 'हो' आहे, पण खरा प्रश्न 'कशाचा?' हा आहे.

कर्नल नेमकं हेच विचारतो. पोराचा सर्व्हरवरचा क्रमांक होता १०४७. युजर नेमस्पेसमध्ये गेल्यावर एक छोटा तक्ता तयार होतो: आतला ० म्हणजे बाहेरचा १०४७. शून्य क्रमांक म्हणजे रूट, म्हणून यंत्र त्याला आत रूट म्हणतं. त्यानं तिथं फाइल बनवली तर बाहेरून ती १०४७चीच दिसते. आणि सर्व्हरच्या खऱ्या रूटच्या फाइली त्याला आतून ६५५३४ या क्रमांकाच्या, म्हणजे 'नोबडी'च्या दिसतात, कारण खऱ्या रूटचं नावच त्याच्या तक्त्यात नाही. कर्नलमधल्या प्रत्येक वस्तूची एक मालक नेमस्पेस ठरलेली असते. यंत्राचं नाव बदलायचं असेल आणि नावाची नेमस्पेस तुमच्या वाटणीतली असेल, तर खुशाल बदला. सर्व्हरचं खरं घड्याळ पुढं ढकलायचं म्हणाल, तर ते साऱ्या वाड्याचं आहे.

आता मघाची एसयूची युक्ती इथं करून पाहा. आत मी /ईटीसीवर माझा फोल्डर चढवला. चढला. बाहेरच्या कुणाला तो दिसत नाही, हे झालं एक. आणि आतून मी एसयू चालवली तर तिचा मालक खरा रूट, जो माझ्या तक्त्यात नाही. अशा वेळी कर्नल सेटयुआयडीचा शिक्का मानतच नाही. एसयू साध्या प्रोग्रामसारखी चालते आणि हात हलवत परत येते. जुनं कारणच उरलं नाही, म्हणून जुना नियम सैल करता आला.

कागदावर हे फार नीट बसतं. प्रत्यक्षात ३.८ येऊन महिना होतो न होतो तोच पहिलं भोक सापडलं. आतली आणि बाहेरची प्रोसेस आपला मूळ फोल्डर एकत्र वाटून घेऊ शकत होत्या. आतल्यानं मूळ फोल्डर हलवला की बाहेरच्याचाही हलायचा, आणि बाहेर एसयूचा शिक्का शाबूत. तीच युक्ती मागच्या दारानं घरात. ते दार लगेच बुजवलं, पण माणसाला नम्र करणारी गोष्ट आहे खरी.

तर मग आत काय काय माउंट करू द्यायचं? इथं कर्नलवाल्यांनी सरसकट हो म्हटलं नाही. प्रत्येक फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये एक खूण असते: 'मला युजर नेमस्पेसमधून माउंट केलं तर चालेल.' ही खूण नसेल तर आतला रूट कितीही ओरडला तरी उपयोग नाही. टीएमपीएफएसला ती सुरुवातीच्याच काळात मिळाली. तिच्यात लपवण्यासारखं काही नसतं, रिकामी फळी ती. एवढंच की रॅम सगळ्यांची असते, म्हणून मी सर्व्हरवर सीग्रुप या कर्नलच्या सोयीनं प्रत्येक पोराला रॅमची मर्यादा घातली आहे. ती नसती तर एखाद्यानं फळीवर ज्वारीची पन्नास पोती रचली असती.

/प्रॉकची गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यात आवडणारी. माळवदाला सवणं असतं, उजेड खाली यावा म्हणून ठेवलेलं भोक. लहानपणी आम्ही माळवदावर चढून त्यातून खाली डोकवायचो, कुणाच्या घरी काय शिजलंय ते बघायला. /प्रॉक म्हणजे कर्नलच्या घरातलं असं सवणं. त्यातून काय दिसतं? प्रोसेसा. पण कुणाच्या? म्हणून पहिली अट अशी, की ज्या प्रोसेस क्रमांकांची यादी दाखवायची, त्या क्रमांकांची नेमस्पेस तुमच्या मालकीची हवी. आमच्या पोराचं इथंच चुकलं होतं. त्यानं युजर आणि माउंट या दोन नेमस्पेस घेतल्या, पण पीआयडी, म्हणजे प्रोसेस क्रमांकांची, नेमस्पेस घेतलीच नाही. म्हणजे तो माझ्या सर्व्हरच्या प्रोसेस यादीचं नवं सवणं स्वतःच्या नावावर पाडायला निघाला होता. कर्नलनं नाही म्हटलं. सिसएफएसलाही तसंच. तिच्यात नेटवर्क कार्डं दिसतात, म्हणून तिथं नेटवर्क नेमस्पेस आपली असावी लागते.

दुसरी अट जास्त बारीक आहे. समजा थोरल्या भावजयीनं सवण्याचा अर्धा भाग फरशी ठेवून झाकलाय. धाकटा म्हणाला, "फरशीला मी हात लावत नाही, बाजूला माझं नवं सवणं पाडतो." नियम न मोडता फरशीचा हेतूच बुडाला! नेमकं हेच कंटेनरात, म्हणजे नेमस्पेसांत कोंडून चालवलेल्या प्रोग्रामांत, होतं. कंटेनर चालवणारा डॉकर त्यांना /प्रॉक देतो, पण त्यातल्या काही जागा मुद्दाम झाकून. उदाहरणार्थ यंत्राची सगळी मेमरी दाखवणारी 'केकोर' फाइल. काही भाग फक्त वाचण्यापुरते ठेवतो. आता आतल्या माणसानं नवी युजर नेमस्पेस उघडून कोरं /प्रॉक माउंट केलं, तर त्यावर कसलीच झाकणं नसणार.

म्हणून कर्नल कोरं /प्रॉक किंवा सिसएफएस देण्याआधी तपासतो, की या माणसाच्या झाडात आधीपासून एखादं /प्रॉक पूर्ण उघडं आहे का? त्यातला एखादा कोपरा जरी झाकलेला असेल तरी नवं मिळणार नाही. जुनं फक्त वाचण्यापुरतं असेल तर नवंही तसंच घ्यावं लागतं. थोडक्यात, जे आधी दिसत होतं त्याच्यापेक्षा जास्त नव्या माउंटमधून दिसता कामा नये. कोण मागतंय यापेक्षा मागणाऱ्याला नवं काय कळणार, याचा हिशेब कर्नल करतो. परवानगीचा इतका शहाणा विचार मी सरकारी फॉर्मांतसुद्धा पाहिलेला नाही.

याच विचाराची दुसरी बाजू: 'मग मी झाकणच काढतो.' तेही जमत नाही. नवी नेमस्पेस उघडताना बाहेरून जी माउंटं आत आली, ती एकमेकांना गाठ मारलेली येतात. गठ्ठा आख्खा सोडता येतो, त्यातली एकच दोरी सोडवून खालचं बघता येत नाही. आणि बाहेरून 'यातलं काही चालवायचं नाही' किंवा 'सेटयुआयडी मानायचं नाही' अशी बंधनं लागून आलेली असतील, तर आतला रूट ती काढू शकत नाही. कंटेनरात कंटेनर चालवायला निघालेली पोरं हमखास याच दोन ठिकाणी आपटतात, आणि 'परवानगी नाही' एवढ्या दोन शब्दांवरून त्यांना काहीच उमगत नाही. डॉकरची सीकॉम्प नावाची, कर्नलकडं जाणाऱ्या विनंत्या गाळणारी दुसरी चाळणी आहे, ती सैल केली तरी हा अडसर राहतोच.

आता ईएक्सटी-४, एक्सएफएस या डिस्कवरच्या फाइलसिस्टिम. तुम्ही म्हणाल, /प्रॉकसारखं घर दाखवणारं सवणं देता, मग साधा पेनड्राइव्ह का नको? इथं धोका उलट दिशेचा आहे. /प्रॉकमध्ये कर्नल बोलतो आणि तुम्ही ऐकता. डिस्कच्या बाबतीत तुम्ही बोलता आणि कर्नल ऐकतो. आमच्याकडं डाळ मिलमध्ये तूर थेट चक्कीत ओतत नाहीत, आधी चाळतात, खडा-माती काढतात. ईएक्सटी-४चा कोड म्हणजे थेट चक्की. डिस्कवरचे बाइट आपणच पूर्वी लिहिलेत असं धरून तो चालतो. वीज गेली आणि चार बाइट बिघडले, इतपत सांभाळतो. पण एखाद्यानं मुद्दाम, कर्नल कुठं अडखळेल याचा अभ्यास करून बनवलेली डिस्कची प्रतिमा दिली, तर खडा थेट चक्कीच्या पाळूत. ती चक्की कर्नलमध्ये, म्हणजे नुकसान साऱ्या वाड्याचं. त्यामुळं या फाइलसिस्टिमना ती खूण अजूनही नाही, आणि नसावी असंच माझं मत आहे.

यावरची वाट म्हणजे फ्यूज. यात डिस्क वाचण्याचं काम कर्नल करत नाही, तुमचीच एक साधी प्रोसेस करते आणि कर्नलला नीट चाळलेली उत्तरं देते. खडा लागला तर तुमची प्रोसेस मरते, सर्व्हर नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये, लिनक्स ४.१८ पासून फ्यूजला युजर नेमस्पेसमधून माउंट होण्याची मुभा मिळाली. थोडं मंद चालतं, पण आमच्या पोरांच्या प्रोजेक्टला कुठं घाई आहे.

ओव्हरलेएफएसची मुभा त्यामागून, फेब्रुवारी २०२१ मध्ये लिनक्स ५.११ बरोबर आली. खाली न बदलणारा थर, वर आपला थर, आणि खालच्या फाइलला हात लावला की तिची प्रत वर येते. कंटेनरांचा सगळा डोलारा यावर उभा आहे. उबुंटू या लिनक्सच्या वितरकानं ही मुभा आपल्या कर्नलमध्ये आधीच देऊन टाकली होती, आणि ती घाई त्यांना पुन्हा पुन्हा नडली: २०१५ मध्ये, २०२१ मध्ये, आणि २०२३ मध्ये. तिन्ही वेळा साधा वापरकर्ता खरा रूट होऊ शकत होता.

पण २०२३ मधलंच एक भोक मूळ लिनक्समध्ये होतं, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्यूजवर एक फाइल ठेवायची आणि तिच्याबद्दल खुशाल खोटं सांगायचं: 'ही खऱ्या रूटची, शिवाय सेटयुआयडी शिक्क्याची.' फ्यूजवरचा शिक्का कुणी मानत नाही, म्हणून हे खोटं बिनकामाचं. मग नेमस्पेसच्या आत तो फ्यूज खालचा थर आणि बाहेरचा खरा फोल्डर वरचा थर असं ओव्हरले रचायचं. फाइलला हात लावला की प्रत वर, खऱ्या डिस्कवर. त्या वेळी 'हा मालक या नेमस्पेसच्या तक्त्यात आहे का?' हे विचारायला कर्नल विसरला. बाहेर येऊन बघावं तर खऱ्या रूटच्या मालकीची, शिक्का मारलेली फाइल तयार! फ्यूजची मुभा ठीक होती, ओव्हरलेची मुभाही ठीक होती, भोक दोघांच्या सांध्यात होतं. त्याआधीचं, जानेवारी २०२२ मधलं एक भोक याहून साधं. माउंट करताना दिलेले पर्याय एका ओळीत जोडताना कर्नलचा लांबीचा हिशेब चुकायचा. युजर नेमस्पेस नसती, तर तो कोड फक्त रूटच्या हाताखाली राहिला असता. तिनं तो सगळ्यांच्या हाती दिला.

म्हणूनच काही वितरकांनी हात आखडता घेतला. डेबियननं बरीच वर्षं साध्या वापरकर्त्यांना युजर नेमस्पेस बंदच ठेवली होती. उबुंटू २४.०४ मध्ये ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेची परवानगी नसलेल्या प्रोग्रामला नेमस्पेस उघडता येते, पण आत कसले अधिकार मिळत नाहीत. दुसरीकडं, क्रोम ब्राउझर वेबपानांना कोंडून ठेवायला, आणि फ्लॅटपॅक ॲप कोंडायला हीच नेमस्पेस वापरतात. सरसकट बंद केली तर तीही भिंत पडते. माझ्यापुरतं मी ठरवलंय. पोरांच्या सर्व्हरवर चालू, पण कर्नलचे अपडेट आले की त्याच आठवड्यात रीस्टार्ट, मग कुणाचं रात्रभर चाललेलं काम गेलं तरी. निकालांच्या यंत्रावर बंद. तिथं कुणाला कंटेनर लागत नाही.

पोराचं काम अर्ध्या तासात झालं. अनशेअरला पीआयडी आणि फोर्क हे दोन पर्याय जोडले, /प्रॉक माउंट झालं. त्याच्या नावावर ६५५३६ क्रमांकांचा पट्टाही लिहून दिला, म्हणजे पॉडमन या डॉकरसारख्याच साधनाच्या कंटेनरात त्याला रूटशिवाय आणखी वापरकर्ते बनवता येतील. त्यानं प्रोसेसची यादी काढली. दोनच ओळी. पहिल्या क्रमांकावर त्याची स्वतःची बॅश, म्हणजे कमांडी घेणारा प्रोग्राम.

"बाकीची पोरं कुठं गेली सर?"

"आहेत की. तुझ्या सवण्यातून दिसत नाहीत."

तो खूश झाला आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला. "मग हे बी आतूनच माउंट करतो. ईएक्सटी-४ हाय."

"ते नाही होणार," मी म्हटलं. "ते फ्यूजनं वाच, नाहीतर इकडं दे माझ्याकडं."